हसरा योखेन

पुन्हा बिल्ड-अप आलाय. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये ऋतू दोनच, वेट आणि ड्राय, पावसाळी आणि कोरडा. आणि या दोघांच्या मधल्या फटीत हा तिसरा, बिनबोलावता येऊन बसणारा. दुपार कलली की समुद्राच्या बाजूनं ढग चढायला लागतात. जांभळे, काळे, गाभण म्हशींसारखे जड. वीज चमकते, लांब कुठेतरी गडगडतं, वारा पडतो, पान हलत नाही. आता पडेल, आता पडेल म्हणून सगळं शहर मान वर करून बसतं. संध्याकाळी ढग जसे आले तसे विरून जातात. थेंब नाही. उद्या पुन्हा तेच. कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम. रस्त्याकडेच्या झाडांखाली आंब्यांचा सडा पडून आंबतो, त्याच्या वासानं डोकं जड होतं, आणि फांद्यांवर वटवाघळं भांडत राहतात. माणसांचंही तेच. सिग्नलला उगाच हॉर्न वाजतात. ऑफिसातला सगळ्यांत शांत माणूस एखाद्या दुपारी की-बोर्ड आपटून निघून जातो. 'गॉन ट्रॉपो, मेट,' म्हणतात लोक, म्हणजे उकाड्यानं डोकं फिरलं, आणि त्याला माफ करून टाकतात.

काल इराला स्विमिंगहून आणायला गेले होते. पूलचं दार कुणीतरी उघडलं आणि क्लोरीनचा तो गरम, ओलसर भपकारा तोंडावर आला. बाहेर ढग, आत तो वास. मी गाडीची किल्ली हातात धरून तिथंच उभी राहिले. इरा ओल्या केसांनी पुढ्यात येऊन म्हणाली, "मम्मा, यू ओके?" मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि गाडीकडे चालू लागले.

इरा पाच वर्षांची होती तेव्हाचा तो बिल्ड-अप. मी आणि समीर मेलबर्नला युनिव्हर्सिटीत भेटलेलो, लग्न केलं आणि व्हिसाचं जमेल म्हणून डार्विनला आलो. कायम राहायची परवानगी, 'पीआर', मिळाली की मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीला परत, असं ठरलं होतं. पीआर झाली आणि आम्ही राहिलोच. समीरला गॅस प्लँटवर इलेक्ट्रिकल इंजिनिअरची नोकरी होती, मला डेकेअरमध्ये. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यावर रोज सूर्य असा मावळायचा की सोलापूरच्या माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर हात जोडायच्या. त्या समुद्रात मात्र कुणी उतरत नाही. मगरी आहेत, आणि ज्यांचा नुसता स्पर्श माणसाला लोळवतो असे जेलीफिश आहेत. किनाऱ्यावर पाट्या लावून तसं लिहून ठेवलंय. समीरला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याला पोहता येतच नव्हतं.

आधी त्याचं पोट बिघडलं. साधं, दोन दिवसांचं. मग पायांना मुंग्या. "बूट नीट बसत नाहीयेत गं, कापसावर चालल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात घराच्या पायरीवर कोसळला. जीबीएस, गुलेन बॅरी सिंड्रोम. आता मराठी पेपरांतूनही हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं झालंय, तेव्हा मला त्याचं स्पेलिंगही येत नव्हतं. शरीराची स्वतःचीच फौज स्वतःच्या नसांवर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. खालून वर चढत गेलं ते. पाय, कंबर, हात, मग छाती. घशाला भोक पाडून त्याला मशीनवर ठेवलं. आत तो पूर्ण जागा होता, फक्त हलत काही नव्हतं. मी अक्षरं म्हणायची आणि तो हव्या त्या अक्षराला पापणी मिटायचा. पहिला शब्द त्यानं असा जुळवला, 'खाज'. नाकाला खाज सुटली होती. मी नाक खाजवलं आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

ढग चढायला लागले तेव्हा तो रिहॅब वॉर्डात आला होता. घशाचं भोक भरून आलं होतं, हातांना थोडा जीव आला होता, चमचा धरता यायचा. पाय मात्र लाकडाचे ओंडके. येतील का? "येतील कदाचित," डॉक्टर म्हणायचे. "किती दिवसांनी?" "सांगता येत नाही. वाट बघायची." बाहेर बघावं तर आकाशही तेच सांगत होतं.

समीर बोलेनासा झाला. मशीनवर होता तेव्हा पापण्यांनी जेवढं बोलायचा तेवढंही आता तोंडानं बोलत नव्हता. एका दुपारी मी त्याला वरणभात भरवत होते. तो घास गिळून म्हणाला, "तू इराला घेऊन सोलापूरला जा."

"आणि तू?"

"मी इथंच असेन. जाणार कुठं?"

आणि त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं: मान भिंतीकडे वळवली.

मी डेकेअरमध्ये काम करते. दिवसभर मी दोन-तीन वर्षांच्या पोरांशी एका विशिष्ट आवाजात बोलते. तुम्ही तो ऐकला असेल. तो आवाज कधी दमत नाही, त्याला सगळं छानच दिसतं. तो आवाज मी तसाच वॉर्डात घेऊन यायची. "वा! आज अंगठा हलला की! शाब्बास! बघा बघा, बाबा किती स्ट्राँग आहे!" इराला उचलून त्याच्यापुढे धरायची. फोनवर सासूबाईंना सांगायची, "खूप इम्प्रूव्हमेंट आहे, आई." माझे गाल दुखायचे. खरंच दुखायचे, गाडीत बसल्यावर मी ते बोटांनी चोळायची.

शेजारच्या खाटेवर सत्तरीला टेकलेला एक जर्मन होता. खांदे इतके रुंद की हॉस्पिटलचा गाऊन त्याच्या पाठीवर कधी नीट बांधलाच गेला नाही. स्ट्रोकनं त्याची डावी बाजू गेली होती. डावा हात मांडीवर परक्याच्या वस्तूसारखा पडलेला असायचा, चेहऱ्याचा डावा भाग ओघळलेला. नाव योखेन. ऑस्ट्रेलियात कुणाचंच नाव पूर्ण राहत नाही, तसं नर्सेस त्याला 'जो' म्हणायच्या. बंदराकडच्या एका शेडमध्ये तो मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, एवढं माहीत होतं. त्याला भेटायला फारसं कुणी येत नसे. नर्सेसचा लाडका होता, कारण तो हसरा होता. सुई टोचताना हसायचा, पडल्यावर हसायचा. अर्ध्या तोंडानं.

तो कोण आहे हे मला कळलं ते एका अनोळखी बाईमुळे. कॅम्परव्हॅन घेऊन फिरायला आलेलं एक जर्मन जोडपं. नवऱ्याचा पाय मोडून तो आमच्याच मजल्यावर दाखल झाला होता. बायको कॉफीचा कप घेऊन आमच्या दारावरून गेली, आणि परत आली. दारात उभी राहिली. तिचा हात तोंडावर गेला. ती काहीतरी म्हणाली त्यातलं मला फक्त 'योखेन' कळलं. मग ती आत आली आणि त्याच्या खाटेशी गुडघे टेकून रडायलाच लागली. साठीची, पांढऱ्या केसांची, चांगली उंचनिंच बाई, आणि रडणं तेरा वर्षांच्या मुलीचं.

"तुम्हाला माहितीये हे कोण आहेत?" ती मला इंग्रजीत म्हणाली. "आमच्या अख्ख्या देशाला माहीत होते. हसरा योखेन! माझ्या खाटेच्या वर भिंतीवर होते हे. माझ्या आईनं चिडून पोस्टर फाडलं, मी दुसरं आणलं."

तिनं फोटो मागितला. त्यानं मानेनंच हो म्हटलं. ती त्याच्या उजव्या बाजूला, चांगल्या बाजूला, वाकून उभी राहिली आणि फोन माझ्या हातात दिला. मी स्क्रीनवर बघत होते. तो हसायला लागला. उजवा कोपरा वर गेला, दात दिसले, डोळा बारीक झाला. डावी बाजू तशीच लोंबत राहिली. तो जोर लावत होता. कपाळाची शीर फुगली. तिनं फोटो पाहिला, फोन खिशात ठेवला, मग त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि गेली. तो मला म्हणाला, "पडदा ओढशील?" मी ओढला. पडद्याच्या अलीकडे समीर भिंतीकडे तोंड करून पडला होता, पलीकडे तो. मी मध्ये, हातात रिकामा डबा.

पुढच्या दिवसांत त्यानं ते सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. मला की समीरला, कोण जाणे. मी समीरला भरवत असायची आणि तो छताकडे बघत बोलायचा.

कोळशाच्या खाणींचं गाव. खाणकामगारांच्या पोरांसाठी एक तलाव बांधलेला, त्यात हा पोहायला शिकला. बटरफ्लाय. पोहण्याचा सगळ्यांत निर्दय प्रकार, तो म्हणायचा, दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकायचे, शरीर नको नको म्हणत असतं. सोळाव्या वर्षी देशात पहिला. एकोणिसाव्या वर्षी जगातल्या मोठ्या स्पर्धेची फायनल, आणि सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं की हाच जिंकणार. शेवटच्या हातापर्यंत हाच पुढे होता. भिंतीला बोटं लागली ती दुसऱ्याची आधी. नखाएवढ्या फरकानं.

"मी वळून बोर्ड पाहिला. दम लागला होता. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर तो. मान मागे टाकून, तोंड उघडून मी हसतोय. हरलो, आणि हसतोय."

देश वेडा झाला. पोरगा सोन्यासारखी संधी घालवतो आणि असा मोकळा हसतो! बापांनी पोरांना ते पान दाखवलं, असं हरायला शिका म्हणून. पोरींनी भिंतीवर लावलं. चॉकलेटच्या वेष्टनावर, दुधाच्या जाहिरातीत, सगळीकडे तेच तोंड. तो ट्रेनमध्ये चढला की डबा टाळ्या वाजवायचा. "जिंकलो असतो तर आठवडाभर लक्षात राहिलो असतो," तो म्हणाला. "ज्यानं मला हरवलं त्याचं नाव कुणालाच आठवत नाही."

"पण तुम्ही हसला होतात ना?" मी विचारलं.

"मी श्वास घेत होतो."

समीरची मान हलली. भिंतीकडून छताकडे.

"शेवटच्या हाताला माणूस हसत नसतो. छाती फुटायला आलेली असते. बुडणारा जसं तोंड उघडतो तसं उघडतं. एका पत्रकाराला मी हे सांगितलं होतं. त्यानं छापलं नाही. कोच म्हणाला, नशीब पायाशी लोळण घेतंय, कृतघ्नपणा करू नकोस." तेव्हापासून तो लोकांसाठी हसायला लागला. प्रत्येक शर्यतीनंतर सगळं स्टेडियम त्याच्या तोंडाकडे बघायचं. पुढेही तो हरला, आणि हरल्यावर टाळ्या जास्त पडतात हे त्याच्या हातापायांना कळलं. त्याला नाही, हातापायांना. एकदा ते कळलं की पोहणारा संपला. चोविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. मग फर्निचरच्या दुकानांची उद्घाटनं, टीव्हीवर सुटाबुटात तलावात उडी मारून हसून दाखवणं. हळूहळू फोन कमी झाले, मग थांबले. गावचा तलाव बुजवून तिथं पार्किंग झालं.

"फोन थांबले ते ठीक," तो म्हणाला. "तोंड थांबलं नाही. आई गेली तेव्हा मी दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होतो. मावशी मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

ऑस्ट्रेलियात तो पोहण्याचा कोच म्हणून आला होता, दक्षिणेकडे. तिथंही जर्मन पर्यटक हुडकून काढायचे. म्हणून तो वर वर सरकत इथं आला, जिथं समुद्रात कुणीच पोहत नाही. "इथं मला कुणी विचारलं नाही, अजून पोहतोस का म्हणून. फार छान शहर आहे."

लोकप्रियता म्हणजे लोकांनी आपल्याला डोक्यावर घेणं, एवढंच मला तोवर वाटायचं. आपल्याला नाही मिळाली तरी कधीतरी चाखून बघावी अशी गोष्ट. आता वाटतं, लोक ज्याला डोक्यावर घेतात तो आपण नसतोच पुष्कळदा. त्यांनी स्वतःच्या गरजेपुरता एक माणूस घडवलेला असतो, आणि मग त्या माणसाचं तोंड आपण आयुष्यभर लावून हिंडायचं. त्यासाठी प्रसिद्ध असावं लागतं असंही नाही. ते मला लवकरच कळणार होतं.

एका दुपारी मी नेहमीसारखी आले. बाहेर आभाळ इतकं खाली आलेलं की वॉर्डात दिवे लावले होते. "हॅलो हॅलो! आज कसं वाटतंय आपल्याला? ओहो, दाढी केली वाटतं, एकदम हँडसम!" समीरनं डोळे मिटून घेतले. मी डबा उघडत गाणं गुणगुणायला लागले.

"मीनल," योखेन म्हणाला. त्यानं मला नावानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ. "तू माझ्यासारखी हसतेस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि अशी तिडीक उठली! "मग काय करू? रडू? त्याच्यासमोर रडत बसू? त्यानं काय बरं वाटेल त्याला?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला कधी जमलं नाही."

मी डबा तसाच टाकून कारपार्कमध्ये गेले. गाडी भट्टीसारखी तापलेली. दार लावलं, काच बंद होती, एसी लावला नाही, आणि मी ओरडले. शब्द नव्हते त्यात. स्टीअरिंगवर हात भाजत होते तरी धरून ओरडत राहिले, गळा फाटेपर्यंत. काचेवर टकटक झाली. एक म्हातारी बाई वाकून बघत होती. "यू राइट, लव्ह?"

आणि मी काच खाली करून म्हणाले, "नो वरीज!" हसून.

केली नावाची फिजिओ होती, ठेंगणी, हट्टी. ती कितीतरी दिवस समीरच्या मागे होती की गरम पाण्याच्या पूलमध्ये चल, पाण्यात पायांचं वजन राहत नाही, हालचाल लवकर सापडेल. समीर नाही म्हणायचा. सोलापूरकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. तो काठावर कपडे सांभाळत बसणाऱ्यांतला. केलीला योखेनलाही पाण्यात घालायचं होतं. तो तर हसूनच नाही म्हणायचा. पाण्याशी आपलं पटत नाही, असं सांगायचा. एक दिवस केलीनं दोघांनाही व्हीलचेअरवर घातलं आणि म्हणाली, नुसते बघायला चला.

पूल छोटा, छत खाली, सगळीकडे वाफ. समीरला पाण्यात सोडायच्या खुर्चीवर बसवलं, तो काही बोलला नाही. मला वाटलं, तयार झाला. खुर्ची खाली जायला लागली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, कमरेला आलं, आणि तो किंचाळला. "नको! नको! मीनल, मला वर घे, मला पाय नाहीयेत, मी बुडेन, मीनल!" त्याची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली होती, त्या बोटांत एवढी ताकद आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी कपड्यांसकट पाण्यात उतरले. केली त्याला धरून होती, "यू आर सेफ, यू आर सेफ," म्हणत होती. त्याला ऐकूच येत नव्हतं.

"मला आत घाल," मागून योखेन म्हणाला.

केलीनं दुसऱ्या फिजिओला हाक मारली. त्याला उतरवलं, तिकडून धरून आणलं. तो समीरच्या डोक्याशी आला. त्याचा चांगला हात, तो फावड्यासारखा पंजा, त्यानं समीरच्या डोक्याखाली घातला.

"कान बुडव," तो म्हणाला. "पूर्ण. आमचं कुणाचंही ऐकू नकोस. तुझी बायको काय म्हणते, ही केली काय म्हणते, काही ऐकू नकोस. कान बुडव."

समीरनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं मान मागे टाकली. कानांवर पाणी चढलं. थोड्या वेळानं दांड्यावरची बोटं सुटली, आणि त्याचे पाय, काड्यांसारखे बारीक झालेले, आपसूक वर आले. तो तरंगत होता. त्याच्या डोक्याशी योखेन, पाण्यात गळ्यापर्यंत, एका हातावर ते डोकं पेलत. त्यालाही दम लागला होता. त्याचं तोंड उघडं होतं. मी इतक्या जवळून पाहत होते. त्या उघड्या तोंडात हसू कुठंही नव्हतं.

मला इथं लिहायला आवडलं असतं की त्या दिवसापासून समीरचे पाय परतायला लागले. तसं झालं नाही. संध्याकाळी मी इराला घेऊन गेले तेव्हा तो रडत होता. मोठ्यानं, बैल हंबरावा तसा, अंगात उरलेल्या सगळ्या ताकदीनं. नर्स धावत आली, "ओह डार्लिंग, तू किती छान प्रगती करतोयस," म्हणत पाठ थोपटायला लागली. माझ्याही तोंडात ते आलंच होतं, 'अरे रडू नको, आपण सगळं नीट'...

"थांब," शेजारच्या खाटेवरून योखेन म्हणाला. नर्सला, आणि मलाही. "राहू दे त्याला."

नर्स बावरून गेली. मी स्टुलावर बसले. समीर रडत राहिला. इरानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "इज बाबा सॅड?"

"हो," मी म्हणाले. "खूप."

"आर यू सॅड?"

"हो."

ती जरा विचार करून म्हणाली, "ओके," आणि खाटेवर चढून त्याच्या पायांवर आडवी झाली. त्याला ते जाणवत नव्हतं, पण दिसत होतं.

बऱ्याच वेळानं, आवाज बसल्यावर, समीरनं विचारलं, "तू जाणार आहेस का?"

"माहीत नाही."

"राग येतो माझा?"

"येतो."

"मलाही येतो," तो म्हणाला. "तुझा नाही. म्हणजे तुझाही." आजारानंतर आम्ही नवराबायकोसारखं बोललो ते पहिल्यांदा. बाहेर गडगडून थांबलं होतं, जमीन कोरडीच होती.

आज समीर चालतो. पायांना प्लास्टिकचे आधार आणि हातात काठी. तळव्यांना अजून जाणीव नाही, उन्हात अनवाणी गेला तर भाजल्याचं फोड आल्यावर कळतं. प्लँटवर परत गेला नाही, घरून डिझाइनचं काम करतो. लवकर दमतो, दमला की चिडतो. लोक म्हणतात, केवढा चमत्कार! आम्ही मान हलवतो. बिल्ड-अप सुरू झाला की आम्ही दोघंही गप्प होतो. तो खिडकीशी बसून ढग बघतो, आणि मी विचारत नाही काय बघतोस. मी गेले नाही हे खरं. पण त्या महिन्यांत मी रोज मनानं बॅग भरत होते हेही खरं आहे, आणि ते त्याला माहीत आहे. हे माहीत असण्यावर आमचं घर उभं आहे. पक्कं आहे असं नाही म्हणवत. उभं आहे.

योखेनला नर्सिंग होममध्ये हलवलं. तिथं तो फार टिकला नाही. मधे कधीतरी वेट सुरू झाला होता, नेमका कधी ते आम्हाला कळलंही नाही. दुसऱ्या स्ट्रोकनं तो गेला. केलीचा फोन आला. जर्मनीतल्या सगळ्या वेबसाइटांवर बातमी होती, ती तिनं मला नंतर दाखवली. सगळीकडे तोच फोटो. मान मागे, तोंड उघडं. खाली हजारो लोकांनी काहीबाही लिहिलेलं. केलीनं एक-दोन फोनवर भाषांतर करून वाचून दाखवली. आमचं बालपण गेलं. तू आम्हाला हरायला शिकवलंस. तुझं हसू विसरणार नाही.

आणि इकडे डार्विनमध्ये, त्याच्या अंत्यविधीला, एका छोट्या हॉलमध्ये आम्ही इनमिन सातआठ माणसं. समीर अजून व्हीलचेअरवर होता, इरा माझ्या मांडीवर, केली, नर्सिंग होमची एक बाई, आणि मागच्या रांगेत बोटवाले दोघंतिघं, टोप्या हातात धरून. समोर पडद्यावर तो फोटो मोठा करून लावलेला. विधी चालवणाऱ्या बाईंनी इंटरनेटवरून माहिती काढली होती. आनंदी माणूस, जीवनाकडे हसत बघणारा माणूस, असं त्या बोलल्या. मग विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का.

कुणी उठलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

मग समीर बोलायला लागला. इंग्रजीत सुरुवात केली, 'ही वॉज', आणि अडकला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाला, "हा माणूस माझ्या शेजारच्या खाटेवर होता. हा आनंदी नव्हता. याचं फार मोठं काहीतरी गेलं होतं, आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी रडू दिलं नाही. मला त्यानं रडू दिलं." मग तो म्हणाला, "झालं."

"दॅट वॉज ब्यूटिफुल," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या.

बाहेर पडताना बोटवाल्यांपैकी एक जण माझ्याजवळ आला. उन्हानं रापलेला, हातावर ग्रीसचे डाग. "तुझा नवरा काय म्हणाला, लव्ह?"

मी काहीतरी गोड सांगणार होते. मग म्हटलं, "तो म्हणाला, योखेन आनंदी माणूस नव्हता."

त्यानं मागे वळून उघड्या दारातून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नव्हताच," तो म्हणाला. "आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर त्याला कधी काही विचारलं नाही."

टोपी डोक्यावर चढवून तो पावसात, गाडीकडे, सावकाश चालत गेला.